ज्याचा त्याचा उंदीर

राणासरच्या पांजरापोळीत तेव्हा इतके उंदीर होते, की झाडणाऱ्याने आधी टाळ्या वाजवायच्या, उंदरांनी जरा सरकून घ्यायचं, त्याने तेवढ्या जागेत झाडू मारायचा आणि उंदरांनी परत येऊन बसायचं. माझं चहाचं हॉटेल पांजरापोळीच्या दरवाज्यासमोरच आहे, त्यामुळे सांगतोय ते पाहिलेलं आहे. एखाद्या गोष्टीत मी थोडं वाढवून सांगतो, नाही असं नाही. उंदरांच्या बाबतीत मात्र कमीच सांगतोय.

पांजरापोळीचा नियम गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ. आलेला जीव परत पाठवायचा नाही, आलेला जीव मारायचा नाही, आणि आलेला जीव बाहेरही जाऊ द्यायचा नाही. आत आलं ते महाजनाचं, म्हणजे गावच्या व्यापारी पंचाचं, झालं. त्यामुळे आत काय नव्हतं? भाकड म्हशी, लंगडे बैल, धोब्यांनी टाकून दिलेली गाढवं, उत्तरायणाच्या पतंगांच्या मांज्याने पंख कापलेली कबुतरं. कसायाकडून सोडवून कानात चांदीची कडी घातलेले अमर बोकड तर इतके माजले होते, की दुपारी माझ्या बाकावर बसायचे आणि गिऱ्हाईक उभं राहायचं. एक आंधळा घोडा होता, गावचे जुने संस्थानिक दरबारसाहेब, त्यांच्या तबेल्यातला. दरबारसाहेब गेले, कुंवरसाहेब गेले, नातू पेट्रोलपंप चालवायला लागला, तरी घोडा होताच. नातू मोटरसायकलवरून गेला, की हा मान वाकवून मुजरा करायचा. पेट्रोलच्या वासावरून घराणं ओळखायचा.

पण राणासरचं नाव झालं ते उंदरांमुळे. उंदीर मारायचा नाही, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. घरात पिंजरा लावायचा, सापडला की पिंजरा उचलून पांजरापोळीत मोकळा करायचा, हात जोडायचे आणि हलक्या मनाने घरी जायचं. आधी देरासरच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, गल्लीतले लोक आणायचे. मग वैष्णव आणायला लागले, मग सगळं गाव, मग आसपासची गावं. कोटड्याहून लोक एसटीने पिंजरे घेऊन यायचे. कंडक्टर भगुभा उंदराचं अर्धं तिकीट फाडायचा. एकाने हुज्जत घातली, की माझा उंदीर अगदी लहान आहे. भगुभा म्हणाला, "शेपूट सीटच्या बाहेर येतंय. अर्धं लागेल."

पांजरापोळीचा कारभार समरतबांच्या हातात. बांधा मुठीएवढा, पांढरं पातळ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. पण बा एखाद्या म्हशीवर ओरडल्या, की पलीकडच्या गल्लीतला माणूस जेवता जेवता उठून उभा राहायचा. ऐन तारुण्यात नवरा गेला तेव्हापासून त्या इथे यायला लागल्या, त्या मग दुसऱ्या कशात रमल्याच नाहीत. जखमेतल्या अळ्या काढणं, चारा घालणं, मरणाऱ्या जनावराच्या कानात नवकार म्हणणं, सगळं स्वतः. जिला जनावराची घाण वाटते तिने दया करू नये, खाखरे लाटावेत, असं त्या महिला मंडळाला तोंडावर सांगायच्या. महिला मंडळ खाखरे फार छान लाटायचं.

त्यांच्याशी वाद घालण्याची हिंमत गावात एकाच माणसाला होती. डॉक्टर निमिष वोरा. गुरांच्या सरकारी दवाखान्यात बदली होऊन आलेला. काटकुळा, चष्मा नाकावरून घसरणारा, आणि जातीने बांच्याच समाजातला, त्यामुळे त्याला जास्तच ऐकून घ्यावं लागायचं. तो आंधळा घोडा एकदा बसला तो उठेचना. पाठीला जखमा झाल्या.

डॉक्टर म्हणाला, "बा, एक सुई देतो. झोपेतच जाईल."

"तुझ्या आजोबांना दिली होतीस का सुई?"

"आजोबांच्या पाठीला असल्या जखमा नव्हत्या."

"मग जखमेचं औषध दे. झोपेचं कोण मागतंय?"

घोडा सगळा पावसाळा पडून राहिला. बा रोज त्याची मान मांडीवर घेऊन बसायच्या, कूस बदलून द्यायच्या, माश्या वारायच्या. शेवटी गेला. माझ्या बाकावर बसून डॉक्टर म्हणाला, "पावसाळाभर हाल केलेत त्याचे."

बा म्हणाल्या, "पावसाळाभर त्याच्या मानेखाली कुणाचा तरी हात होता."

मला दोघांचंही पटलं. पण बोललो नाही. बोललो असतो तर दोघांनीही माझ्याकडचा चहा सोडला असता.

असं सगळं ठीक चाललं होतं. मग मांजर आली.

बाजारात भर दुपारी एक छकडो, आमच्याकडची तीन चाकी रिक्षा, तिच्या मागच्या पायावरून गेला. छकडोवाला माणूस बरा. त्याने तिला पोत्यात गुंडाळून दरवाज्याशी आणलं. तिथे उभे होते चुनीलालशेठ. पांजरापोळीचे प्रमुख. बाजारातलं सगळ्यात मोठं धान्याचं कोठार त्यांचं. बारा महिने काखेत छत्री, आणि बोलणं इतकं गोड, की त्यांच्याशी बोलून आलेल्या माणसाने चहात साखर कमी मागावी.

पोत्यातून मांजरीचं डोकं दिसलं तसे शेठ म्हणाले, "बा, हे काय? आत उंदीर आहेत आपले."

"दरवाज्यावर शाकाहारी लोकांसाठीच अशी पाटी आहे का, चुनीलाल?"

"तसं नाही, पण म्हणजे, विचार करता..."

"मग विचार करायला बाजूला उभा राहा. तिला दुखतंय."

डॉक्टरने हाड बसवलं, बांबूच्या कामट्या बांधल्या. बांनी तिचं नाव मासी ठेवलं, म्हणजे मावशी. मासीला दूध मिळायचं, तूप घातलेली खिचडी मिळायची, सणाला थेपल्याचे मऊ तुकडे. आणि मासी खिचडीला अशी चटावली, की विचारू नका. कढी पातळ झाली तर ताटलीकडे पाठ फिरवून बसायची. उंदीर आधी लांबून बघायचे. मग जवळून जायला लागले. मग तिच्या अंगावरून जायला लागले, कारण तो जवळचा रस्ता होता. एक म्हातारा, मिशा पांढऱ्या झालेला उंदीर होता, तो तर दुपारी तिच्या पोटाच्या उबेला झोपायचा.

चुनीलालशेठनी टोपी फिरवली. आता गावोगाव सांगायला लागले, "बघा, संस्कार बघा! आमच्या पांजरापोळीत मांजरसुद्धा व्रत पाळते." लोक बघायला यायचे. टेम्पो भरून यायचे. मला दोन शेगड्या वाढवाव्या लागल्या. मासी कांदा-बटाटा पंजाने बाजूला काढायची, हे मी स्वतः पाहिलंय. चातुर्मासात ती सूर्यास्तानंतर दूध घ्यायची नाही असंही शेठ सांगायचे. ते मी पाहिलेलं नाही, म्हणून खात्री देत नाही.

डॉक्टर एवढंच म्हणाला, "शेठ, तिचा पाय मोडलाय. स्वभाव नाही."

"डॉक्टर, तुम्ही शिकलात फार. जरा श्रद्धा ठेवा."

"ठेवतो. तुम्ही तो म्हातारा उंदीर जरा लांब ठेवा."

कामट्या सुटल्या. मासी चार पावलं लंगडली, मग चालली, मग भिंतीवर चढून उतरून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेठनी पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बा सामायिकाला बसल्या होत्या. ओसरीत आसन घालून, डोळे मिटून. सामायिक म्हणजे बसलं की वेळ पुरी होईतो उठायचं नाही, हलायचं नाही, घराला आग लागली तरी. मी पाण्याची घागर द्यायला आत गेलो होतो. मासी गोठ्याकडून आली. ऐटीत, शेपूट उभं. तोंडात काहीतरी लोंबत होतं. ती थेट बांपाशी गेली आणि ते त्यांच्या पांढऱ्या पातळावर, मांडीवर, अलगद ठेवलं. मग समोर बसून वर बघायला लागली. आता शाबासकी मिळेल अशा चेहऱ्याने.

पांढऱ्या मिशांचा उंदीर होता तो.

बांनी डोळे उघडले, पाहिलं आणि मिटले. उठल्या नाहीत. मांडीवर मेलेला उंदीर घेऊन त्यांनी सामायिक पुरं केलं. मी घागर हातात धरून तसाच उभा होतो. मग त्यांनी उंदराला दोन्ही हातांनी उचललं, मासीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "जटु, शेठला बोलाव."

शेठ आले. अर्धं गाव त्यांच्या मागून आलं.

बा म्हणाल्या, "हिने मला भेट आणली. तिच्या रीतीने ती चांगलंच वागली. पाय मी बरा केला, म्हणजे हा उंदीर मी मारला. आता ऐका. ह्या भिंतींच्या आत जोवर एक जीव दुसऱ्याच्या भीतीत राहतोय, तोवर मला अन्न नको. उकळलेलं पाणी घेईन, तेही दिवस असेपर्यंत."

कुणी काही बोलायच्या आत त्यांनी हात जोडून व्रताचं पच्चक्खाण घेतलं. संपलं. बांचं व्रत मोडत नाही, हे गावाला माहीत होतं. मोडल्या तर बाच मोडतील. वय झालेलं, त्यात मधुमेह.

त्या दिवसापासून पांजरापोळीची कचेरी माझ्या हॉटेलात भरायला लागली. शेठना उपाय भराभर सुचायचे. मासीला खोलीत कोंडावं, असं त्यांनी आत जाऊन सांगितलं. बा ओसरीतल्या खाटेवर पडल्या होत्या. म्हणाल्या, "धडधाकट जनावराला कोंडायचं? मग पांजरापोळ कशाला म्हणता, तुरुंग म्हणा." मग शेठ म्हणाले, कोटड्याच्या पांजरापोळीत पाठवू, माझे साडू आहेत तिथे. बा म्हणाल्या, "तिथले उंदीर तुझ्या साडूचे, म्हणून मेले तर चालतील?" डॉक्टरच्या घरी द्यावी, तर तिथेही तेच. मग ठरलं, मासीला इतकं तूप चारायचं की शिकारीची इच्छाच मरेल. मासी घागरीसारखी झाली. आणि आता ती भुकेसाठी नाही, हौसेसाठी मारायला लागली. तूप अंगी लागलं की माणसंही तेच करतात.

शेवटी शेठ स्वतः पहाऱ्याला बसले. मासी जिथे जाईल तिथे मागे मागे छत्री घेऊन. दुपारी जेवण अंगावर आलं, कडब्याच्या गंजीला टेकून शेठना डुलकी लागली. जागे झाले तेव्हा पोटावर उंदीर, आणि समोर मासी, त्याच शाबासकीच्या चेहऱ्याने. त्या वयात आणि त्या वजनात शेठनी जी उडी मारली, ती पाहायला उठू न शकणारे बैलसुद्धा उठले. डॉक्टर पुढे कितीतरी दिवस विचारत होता, की असा इलाज पुस्तकात का नाही.

पण हसणं तेवढ्यापुरतंच. दर मेलेल्या उंदरामागे बा आणखी गप्प व्हायच्या. एके दिवशी त्या म्हशीवर ओरडल्या आणि ते फक्त म्हशीलाच ऐकू गेलं. तेव्हा मी घाबरलो. हॉटेल तसंच टाकून डॉक्टरला घेऊन आलो.

डॉक्टरने नाडी पाहिली, डोळे पाहिले. शेठ खाटेच्या पायथ्याशी छत्री कुरवाळत उभे.

"बा, आज पोटात काही गेलं नाही, तर उद्या मी माणसांच्या डॉक्टरला बोलावणार."

"बोलाव. त्यालाही उकळलेलं पाणीच मिळेल."

"पण हट्ट कसला आहे हा? मांजर उंदीर खाते. साऱ्या जगात खाते."

"साऱ्या जगाचं मी कुठे घेतलंय? ह्या चार भिंतींचं घेतलंय."

"तेच तर!" डॉक्टरचा चष्मा नाकाच्या टोकावर आला. मी त्याला इतका चिडलेला कधी पाहिला नव्हता. "चार भिंतींत किती भरलंय ते बघा ना जरा डोळे उघडून. ह्या उंदरांना तुम्ही वाचवलं म्हणता. वाचवलं नाहीत, बा, साठवलंत. गोठ्यात वासरं एकमेकांच्या अंगावर उभी आहेत. एकाची खरूज सगळ्यांना. बऱ्या झालेल्या कबुतरांना पंख उघडायला जागा नाही. आणि परवा ती उंट राखणारी झमकु रबारण पायात खिळा घुसलेली उंटीण घेऊन आली होती. आत उभी करायला वावभर जमीन नव्हती. मी तिला बाहेर चिंचेखाली सुई दिली आणि ती लंगडत लंगडत निघून गेली. तुमच्या दरवाज्यातून कुणी परत जात नाही म्हणे!"

बांनी मान माझ्याकडे वळवली. "परत गेली?"

खोटं बोलण्यात माझा हात धरणारा तालुक्यात नाही. पण त्या डोळ्यांपुढे जमलं नाही. मी मान हलवली.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही उपाशी होतात, बा," शेठ म्हणाले.

"मी उपाशी होते, बहिरी नव्हते."

एक उंदीर खाटेच्या कडेवरून चालत गेला, मध्येच थांबून डॉक्टरच्या पिशवीचा वास घेतला आणि पुढे गेला.

डॉक्टर आता हळू आवाजात म्हणाला, "जे बरे झालेत, ज्यांना आपलं आपण जगता येतं, त्यांना जाऊ द्या ना. बोकड रबाऱ्यांच्या कळपात जातील. त्यांच्या कानातली कडी बघून कुणी हात लावत नाही. कबुतरं उडतील. जागा होईल."

"अहो डॉक्टर!" शेठ पुढे सरसावले. "तुम्ही नवे आहात. आत आलेलं बाहेर जात नाही, हा बापजाद्यांचा नियम आहे. उगाच नाही केलेला. त्याला कारण आहे."

"काय कारण?"

"माझ्या खापरपणजोबांच्या काळची गोष्ट. इथला एक मुकादम बरी झालेली गुरं मागच्या दाराने काढून बाजारात विकायचा. उघडकीला आलं तेव्हा महाजनाने मागचं दार चिणून टाकलं आणि ठरवलं, की ह्यापुढे आतलं जनावर बाहेर नाही म्हणजे नाही. असा शुद्ध नियम आहे!"

बांनी खाटेची कड धरली आणि उठून बसल्या. मी आधार द्यायला गेलो तर हात झटकला.

"चुनीलाल, पुन्हा सांग."

शेठनी पुन्हा सांगितलं. ह्या वेळी तितक्या जोरात नाही.

"म्हणजे चोरी मुकादमाने केली, आणि कोंडून घातलं जनावरांना."

शेठनी छत्री ह्या काखेतून त्या काखेत घेतली. "तसं पाहिलं तर..."

"तसंच पाहायचं असतं. इतकी वर्षं मला वाटत होतं, हा नियम जनावरासाठी आहे. हा तर चोरासाठी होता! आणि चोर मरून किती काळ लोटला, तरी आपण पहारा देत बसलोय." बांना धाप लागली. थांबल्या. मग मला म्हणाल्या, "जटु, उंदीर कुणी विकत घेतं का रे?"

"नाही बा. फुकट दिला तरी कुणी घेणार नाही."

"घेतील," बा म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत खट्याळपणा दिसला. "न घेऊन सांगतात कुणाला? महाजन जमव, चुनीलाल. ज्याने ज्याने पिंजरा आणून इथे मोकळा केला, त्याने त्याने आपला उंदीर घरी न्यायचा. सगळे गेले की माझं पारणं."

शेठच्या काखेतून छत्री पडली. "बा! ओळखायचे कसे?"

"आणताना बरे ओळखत होतात, की हा आपल्या घरातला. हात जोडून सोडून गेलात. आता हात जोडून घेऊन जा."

"आणि घरी नेऊन लोकांनी करायचं काय?"

"ज्याचं त्याने ठरवायचं. सीमेवर निवडुंगाच्या कुंपणात सोडा, कोठाराची भोकं बुजवा, नाहीतर मांडीवर घेऊन बसा. आणि विषच घालायचं असेल, तर आपल्या हाताने घाला, आपल्या डोळ्यांनी बघा, आणि संवत्सरीला माझ्यापुढे येऊन माफीचं मिच्छामि दुक्कडम म्हणा. पण पुण्य तुमचं आणि उंदीर माझे, हे आजपासून बंद."

डॉक्टरने चष्मा वर सरकवला. काहीतरी बोलणार होता, पण बा म्हणाल्या, "तू खूश होऊ नकोस. घोड्याचं मी अजून विसरलेली नाही."

"मीही नाही विसरलो, बा."

"ठीक. चल, पाणी दे."

दवंडी लागलीच फिरली. पहिल्यांदा लोक हसले. मग त्यांच्या लक्षात आलं, की म्हातारी खरंच उपाशी आहे आणि ती उपाशी मेली तर आपल्या घरच्या उंदरापायी मेली असं होईल. मग हसणं थांबलं आणि पिंजरे बाहेर निघाले.

तशी रांग मी निवडणुकीलाही पाहिली नाही. दरवाज्यापासून देरासरापर्यंत, आणि तिथून वळून बाजारापर्यंत. प्रत्येकाच्या हातात पिंजरा. आत अंगणात भांडणं.

"हा आमचा नव्हे हं. आमच्याच्या पाठीवर डाग होता."

"काकी, तो तुपाचा डाग होता. धुतला गेला असेल. घ्या!"

एका सुनेने एका उंदराकडे बोट दाखवलं. "सासूबाई, हाच आपला. बघा ना, खाताना मान कशी वाकडी करतो. अगदी मामंजींसारखी." सासूने उंदीर घेतला आणि सुनेशी महिनाभर बोलली नाही.

मास्तर आले, म्हणाले माझा एकच. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, तुमच्याकडून तर दर शनिवारी पिंजरा यायचा! शाळा सुटल्यासारखे उंदीर सुटायचे!" मास्तरांनी गुपचूप पोतं उघडलं.

कोटड्याचे लोक एसटीने आले. जाताना भगुभाने पूर्ण तिकीट मागितलं. "अहो, येताना अर्धं घेतलंत!" "येताना लहान होते. इथे तूप खाऊन वयात आलेत. पूर्ण लागेल."

बा खाटेवर बसून बघत होत्या. बोलायची ताकद नव्हती, पण कुणी डोळा चुकवून निघालं, की बोट वर व्हायचं आणि माणूस परत यायचा.

चुनीलालशेठ सगळ्यांत शेवटी आले. हातात छोटासा पिंजरा, भेट द्यायला आणावा तसा.

बांचं बोट वर झालं. "एवढाच?"

"बा, माझ्या कोठारात तसे कमीच..."

मी सांगतो, ह्यात माझं काही नाही, उंदरांनीच केलं. शेठच्या धोतराला बाजरीचा वास. उरलेले सगळे उंदीर कोपऱ्याकोपऱ्यांतून निघाले आणि शेठच्या पायांशी येऊन, मागच्या पायांवर उभे राहून, घरचं माणूस आल्यासारखे बघायला लागले. अंगण हसायचं थांबेना. बांनी हातगाडी मागवली. उंदीर पकडावे लागलेच नाहीत. शेठनी फळीवर धोतराचा सोगा टाकला, आणि ते आपणहून चढले. उरले ते लंगडे आणि आंधळे. त्यांच्यासाठी डॉक्टरने एका टोपलीत कापूस घातला. ते राहणार होते. त्यांच्याबद्दल कुणाचाच वाद नव्हता.

मग बोकड गेले, रबाऱ्यांच्या कळपामागून, कडी चमकवत. कबुतरांची जाळी काढली तेव्हा ती आधी उडेचनात. मग एक उडालं, आणि मग आभाळ त्यांचंच झालं. गोठ्यात वासरांना पहिल्यांदा पाय पसरून बसता आलं. मासीने रिकाम्या अंगणाची एक फेरी मारली. कोपरे हुंगले. खिचडीच्या ताटलीपाशी थांबली, मानेला झटका दिला आणि भिंतीवर चढली. बांनी तिच्याकडे पाहिलं. कुणी अडवलं नाही. ती बाजाराच्या बाजूला उतरली.

बा म्हणाल्या, "आता आणा."

महिला मंडळाने मुगाचं पाणी आणलं, वाटीत, कोमट. सगळं गाव दरवाज्यात. बांनी नवकार म्हटला आणि पहिला घोट घेतला. डॉक्टर नाडी धरूनच बसला होता. चेहऱ्यावरून वाटत होतं, की मूग त्याच्याच पोटात जातायत.

दुसरा घोट घेतात न घेतात, तोच गर्दी बाजूला सारत चुनीलालशेठ आले. टोपी तिरकी, दम लागलेला, एका काखेत छत्री आणि दुसऱ्या काखेत मासी.

"बा, घ्या हिला. दाखल करून घ्या! अहो, कोठारात शिरून तिने जे काही मांडलंय... माझ्या डोळ्यांदेखत! मी धर्माचा माणूस, मला बघवत नाही."

बांनी वाटी खाली ठेवली. मासीकडे नीट निरखून पाहिलं.

"लंगडते का?"

"नाही."

"आजारी आहे?"

"आजारी? बा, तिची तब्येत बघा!"

"मग तिचं इथे काय काम?" बांनी वाटी पुन्हा उचलली. आवाज अजून बारीकच होता, पण पलीकडच्या गल्लीत आता तो जायला लागला होता. "कोठाराची भोकं बुजव, चुनीलाल. उंदीर आत येणार नाहीत, मांजर आत येणार नाही, तुझा धर्म राहील. आणि आता वाटेतून बाजूला हो. झमकु आली."

खरंच आली होती. चिंचेखालून, लाल ओढणी डोक्यावर, आणि मागे ती लंगडी उंटीण, एकेक पाऊल मोजून टाकत. मासीने शेठच्या काखेतून उडी मारली आणि शेठ तिच्या मागे छत्री उगारून बाजाराकडे धावले. उंटिणीला दरवाज्याची एक फळी पुरत नाही, म्हणून मी जाऊन दोन्ही उघडल्या.